सात वाजताचा भोंगा आणि क्लबहाउसचं वाय-फाय

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या ८४ सदनिकांच्या सोसायटीचा मी सचिव आहे. संध्याकाळी मुलं क्लबहाउसच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेली असतात, माना खाली आणि हातात मोबाईल. बॅडमिंटनचं नेट सहा महिने गुंडाळून पडलंय. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत तीन ठराव आणायचा विचार आहे. क्लबहाउसचं वाय-फाय बंद करणे. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावासारखा रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल-टीव्ही बंद ठेवणे. आणि ‘गॅजेटचं वेड : समाजाला शाप’ या विषयावर व्याख्यान. घरातही तेच चाललंय. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा, सकाळी क्लासला जाताना डोळे सुजलेले. आता साठ हजारांचा फोन हवाय. ‘बाबा, नो-कॉस्ट ईएमआय आहे’ म्हणतो. या वेडाने समाजाचं नुकसान होतंय असं मला मनापासून वाटतं. माझं चुकतंय का? ठराव आणू का?

उत्तर :

सचिवसाहेब, ठराव जरूर आणा, पण हे तिन्ही जसेच्या तसे नकोत. पहिल्याने काही साधणार नाही, दुसरा वेळ बदलल्याशिवाय टिकणार नाही आणि तिसऱ्याला मुलं फिरकणार नाहीत. येतील ते ज्येष्ठ नागरिक, आणि तेही व्याख्यान चालू असताना व्हॉट्सअॅप बघत बसतील.

आधी मूळ प्रश्न. नुकसान होतं, पण तुम्ही ते मोजताय भलत्याच जागी. पायरीवर मान खाली घालून बसलेली पोरं डोळ्यांत खुपतात, म्हणून आपण तास मोजायला लागतो. तासांवरून फारसं काही कळत नाही. तीन तास फोन म्हणजे कुणाचा बुद्धिबळाचा सराव, कुणाची क्लासची डीपीपी, म्हणजे रोजची सरावगणितं, तर कुणाचं नुसतंच रील वर सरकवणं. विचारायचं ते हे की हे तीन तास आले कुठून? झोपेतून, मैदानावरून, की एरवी टीव्हीसमोर जायचे तेच इकडे वळले? तिसऱ्या प्रकारात फार बिघडलेलं नसतं. पहिल्या दोन्हींत बिघडतं, आणि ते घरापुरतं राहत नाही. तुमच्या मुलाचे तास सरळसरळ झोपेतून चाललेत. पायरीवरच्या मुलांचे बॅडमिंटनमधून गेले असावेत. पण तिथे सभेत एक प्रश्न विचाराच : आधी नेट गुंडाळलं, की आधी मुलं पायरीवर बसली? आवारात ‘येथे खेळू नये’ अशी पाटी आहे का तेही बघून या. असेल, तर मुलांच्या हातात मोबाईल कुणी दिला याचं अर्धं उत्तर त्या पाटीवरच मिळेल.

नैराश्य, एकटेपणा, एकाग्रता यांत फोनचा नेमका वाटा किती, यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे. त्यामुळे ‘अख्खी पिढी बिघडली’ हे वाक्य ठरावात घालू नका. ज्याबद्दल वाद नाही अशा चार गोष्टी आहेत : गेलेली झोप, दुचाकी चालवताना हातात असलेला फोन, हप्त्यांवर घेतलेली हौस आणि खणात साठलेला ई-कचरा. या चारही गोष्टींवर सोसायटीला आणि घराला काहीतरी करता येतं.

आता भोंगा. तुम्ही म्हणता ते गाव कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ मध्ये तिथे हा उपक्रम सुरू झाला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत मोबाईल-टीव्ही बंद. त्याची खरी किल्ली भोंग्यात नाही. नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांचा टीव्हीही बंद झाला, आणि सगळ्यांचं एकाच वेळी बंद झालं. सतरा वर्षांच्या मुलाने एकट्याने फोन ठेवला, तर ग्रुपवर आपल्यामागे काय चाललंय ही धाकधूक त्याला सोडत नाही. सगळ्यांचेच फोन बाजूला गेले की ग्रुप गप्प असतो आणि धाकधूक उरत नाही. म्हणून एकेका घरात फसणारी गोष्ट गावात चालते.

पण तुमच्याकडे सात वाजता निम्मे पालक राजाराम पुलापाशी गाडीत असतात. उरलेल्यांपैकी आयटीतल्यांचे अमेरिकेशी कॉल त्याच सुमारास सुरू होतात. बारावीच्या मुलांचे क्लासही तेव्हाच सुटतात. ही वेळ पंधरा दिवसांत बारगळेल आणि मग पुढची पाच वर्षं कुणी असा विषय सभेत काढू देणार नाही. त्याऐवजी आठवड्यातून दोनच दिवस घ्या, बुधवार आणि रविवार, रात्री पावणेनऊ ते साडेनऊ, आणि मुदत सहा आठवडे. भोंगाही नको. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि तक्रार करणारा सभासद प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. रविवार पेठेतून शाळेत असते तशी पितळी घंटा आणा. सुरक्षारक्षकाने खाली तीन टोल दिले की पुरे. त्या पाऊण तासात कुणाचा तातडीचा फोन आला तर काय, ही शंका हमखास येईल. गेटवरचा इंटरकॉम चालू ठेवा आणि तो क्रमांक सगळ्यांनी नातेवाइकांना देऊन ठेवावा. सदनिकेच्या आत काय चालतं यावर सोसायटीला हुकूम करता येत नाही, तेव्हा ठरावात ‘बंधनकारक’ हा शब्द नको, ‘स्वेच्छेने’ लिहा. नोंदवहीत समिती सदस्यांच्या सह्या मात्र पहिल्या घ्या. खजिनदारांच्या घरी मालिका चालू राहिली, तर उपक्रम त्याच दिवशी संपला समजा.

त्या पाऊण तासात मुलांनी करायचं काय, याची सोय आधी करा. बॅडमिंटनच्या नेटची उंची खांबापाशी १.५५ मीटर आणि मधोमध १.५२ मीटर लागते. गुंडाळून ठेवलेलं नेट मध्ये झोळ देतं, तेव्हा वरची दोरी बदलून घ्या. पिसांचं फूल बाहेरच्या वाऱ्यात दोन रॅलीत तुटतं आणि खर्चाचं कारण पुढे करून खेळ बंद पडतो. म्हणून नायलॉनचं घ्या. दिवे खेळाडूंच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे कोर्टाच्या बाजूंना, नेटच्या रेषेत उंचावर लावा. एका टोकाला मागून लावलेला एकच दिवा समोरच्याला आंधळं करतो. बहुतेक सोसायट्यांत रात्रीचा खेळ यामुळेच बंद पडतो आणि दोष मात्र मोबाईलच्या माथी जातो.

वाय-फाय बंद केलंत तर पायरीवरची मुलं पायरीवरच राहतील, फक्त मोबाईल डेटावर. व्हिडिओचा दर्जा ४८० ठेवला तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी लागतो. रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये तीन-चार तासांची सोय त्यांच्या खिशातच असते. बंद पडेल ते क्लबहाउसमध्ये बसून प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्याचं, आणि ज्याच्या घरी ब्रॉडबँड नाही त्याचं.

‘अमुक मुलाचा फोन राउटरमध्ये ब्लॉक करा’ ही सूचनाही सभेत येईल. ती का फसते ते सांगून ठेवतो. राउटर फोनला ओळखतो त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवरच्या ओळखक्रमांकावरून. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा पत्ता न देता एक बनावट पत्ता देतात. तुम्ही तो ब्लॉक केलात की मुलगा सेटिंगमध्ये एक बटण फिरवतो आणि फोन नव्या पत्त्याने पुन्हा आत. दहावीतल्या मुलाला यासाठी दहा सेकंद पुरतात. त्याऐवजी राउटरच्या तळाच्या पट्टीवर छापलेला पत्ता ब्राउजरमध्ये टाकून आत जा आणि आधी प्रशासकाचा मूळ पासवर्ड बदला, कारण तोही त्याच पट्टीवर छापलेला असतो. मग ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा. त्यातलं ‘आयसोलेशन’ चालू ठेवलंत की एकाचा लॅपटॉप दुसऱ्याला दिसत नाही. शेवटी वेळापत्रक लावा : रात्री दहा ते सकाळी सहा बंद. राउटरचं घड्याळ चुकीच्या टाइम झोनवर असेल तर वेळापत्रक भलत्याच वेळी चालतं, तेव्हा तिथे भारतीय वेळ, म्हणजे अधिक साडेपाच तास, आहे ना ते बघा. गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदला आणि नोटीस बोर्डावर लावा. पुण्यात आहोत, पाटीचा मजकूर आम्ही सुचवायची गरज नाही.

आता तुमचा मुलगा. इथे जास्त वेळ घालवतो, कारण सोसायटीच्या ठरावापेक्षा हे आधी सुटायला हवं.

तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळही आपोआप थोडं पुढे सरकतं. दहा वाजता झोप न येणं हा निव्वळ हट्ट नसतो. त्यात सकाळी सातचा क्लास. म्हणजे साडेअकराला झोपला तरी आठ तास भरत नाहीत, आणि दोनला झोपला तर रोजची निम्मी झोप गेली. रविवारी बारापर्यंत झोपून भरपाई केली की सोमवारी रात्री पुन्हा झोप येत नाही. पडद्याच्या निळ्या उजेडाचा फार गवगवा झालाय. ‘नाइट मोड’ लावून पडदा पिवळा केला की काम झालं, असं मुलंही सांगतात. उजेडाचा थोडा वाटा आहे, पण मोठा दोष ‘पुढचा एक’ आपोआप सुरू होण्याचा. पिवळ्या पडद्यावरही रात्रीचे दोन वाजतातच.

म्हणून पहिलं पाऊल, आणि तेही आजच रात्री : घरातले सगळे फोन झोपताना दिवाणखान्यात. सगळे, म्हणजे तुमचाही. दाराजवळ एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात घरातले सगळे चार्जर, आणि बेडरूममधले चार्जर काढून टाकायचे. ‘अलार्मसाठी फोन लागतो’ हे पहिलं कारण येणार, तेव्हा त्याच दिवशी साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा. दुसरं कारण येईल ‘क्लासचे पेपर रात्री अकराला अॅपवर येतात’. ते खरंही असतं. त्यावर उपाय असा की ते घरच्या लॅपटॉपवर बैठकीत उघडायचे, आणि आठवड्याच्या डीपीपी शनिवारी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायच्या. पानाला दोन-तीन रुपये पडतील. फोनवर गणित सोडवणाऱ्याला दर पाच मिनिटांनी वरून कुणाचा तरी संदेश खाली सरकतो, हा खर्च त्याहून मोठा आहे.

वेळ रात्री साडेअकराची ठेवा आणि दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. पहिल्याच रात्री दहाचा आदेश काढलात, तर तो अंथरुणात पडून छताकडे बघेल आणि तिसऱ्या दिवशी तह मोडेल. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल. तेव्हा भाषण नको.

अँड्रॉइड फोनच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये टायमर लावून दिला की निर्धास्त होणारे पालक पुष्कळ. त्या टायमरला पासवर्ड नसतो. ज्याने लावला तो दोन बोटांनी वाढवतो. अॅपवर मर्यादा घातली तर तीच साइट ब्राउजरमध्ये उघडते. काही फोनांत अॅपची जुळी प्रत काढता येते, काहींत अॅप ठेवायला दुसरी, वेगळी जागाच असते. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाशी कुलपा-किल्लीचा खेळ खेळलात तर हरणार तुम्हीच, वर विश्वास जाणार तो वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलाला कुलूप ठीक. याच्या बाबतीत त्याच्यासमोर बसून, त्याच्याच हाताने तीन गोष्टी करून घ्या.

पहिली, सूचना. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या अॅपच्या सूचना बंद करायच्या आणि मग माणसांच्या तेवढ्या चालू करायच्या : फोन, मेसेज, घरचा नि क्लासचा ग्रुप. अॅप स्वतःहून पाठवतं ते सगळं बंदच. दुसरी, यूट्यूब. तिथे बघितल्याची हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाकली की होम पान जवळजवळ रिकामं होतं. शोधलेला भौतिकशास्त्राचा तास सापडतो, समोरून ताट वाढून येत नाही. ‘ऑटोप्ले’ही तिथेच बंद होतो. या एका बदलाचा आमच्या मते सगळ्यांत जास्त उपयोग होतो, आणि मुलं त्याला फारसा विरोधही करत नाहीत, कारण काही हिसकावून घेतलेलं नसतं. तिसरी, रात्री दहानंतर पडदा कृष्णधवल. ‘बेडटाइम मोड’मध्ये ती सोय आहे. रंग गेले की रील बरीचशी बेचव होतात.

सोबत चौदा दिवस एक शंभर पानी वही ठेवा. रोज चारच आकडे : झोपायची वेळ, उठायची वेळ, घराबाहेर घालवलेली मिनिटं, आणि फोन किती वेळा उघडला तो आकडा. शेवटचा सेटिंगमध्येच मिळतो. वही त्याने लिहायची, आणि शेजारच्या रकान्यात तुमचे आकडे तुम्ही. सचिवपदामुळे तुमचा ‘किती वेळा उघडला’ हा आकडा त्याच्याहून मोठा निघेल अशी आमची पैज आहे. निघू द्या, बोलणं तिथूनच सुरू होतं.

‘व्यसन’ हा शब्द मात्र जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे; नुसता फोन खूप वापरणं हा विकार म्हणून नाही. त्यातही लक्षणं अशी : खेळणं आटोक्यात न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी तेच येणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारण बारा महिने. तुमच्या पत्रातलं वर्णन उशिरा झोपणाऱ्या मुलाचं आहे. जेवण सुटलं, कॉलेज सुटलं, मित्र तुटले, फोन काढून घेतल्यावर मारहाण किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर वहीबिही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. गेममध्ये पैसे जात असतील तर बँकेचं पासबुक बघा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तरी कुणी चोरवाटेने पैसे मागत असेल तर ती सायबर गुन्ह्याची बाब, क्रमांक १९३०.

साठ हजारांचा फोन. ‘नो-कॉस्ट’ म्हणजे काय ते त्याच्यासमोर कागदावर मांडा, बारावीचंच गणित आहे. बारा हप्ते, प्रत्येकी ५,०००. बँक फुकट कर्ज देत नाही; वर्षाला पंधरा टक्के दर धरला तर बँकेच्या लेखी कर्ज सुमारे ५५,४०० चं आणि व्याज सुमारे ४,६०० चं. दुकानदार तेवढी सूट दाखवतो, म्हणून तुम्हाला ‘शून्य’ दिसतं. पण त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे ८३० रुपये, आणि तो तुमच्याच कार्डावर. प्रोसेसिंग शुल्क १९९ असेल तर करासह २३५. झाले हजाराच्या वर. शिवाय रोखीने घेताना जी सूट मिळाली असती ती यात बहुधा मिळत नाही, आणि खरा तोटा तिथे असतो. एक हप्ता चुकला तर दंड वेगळा, आणि मुलगा अठराच्या आतला असल्यामुळे कर्ज तुमच्या नावावर, म्हणजे सिबिल, कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, तुमचं घसरणार. उद्या त्याच्याच शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून बँक तुमचंच सिबिल बघेल.

मग त्याच्या आताच्या फोनला झालंय काय, ते विचारा. ‘हँग होतो’ म्हणजे बहुधा साठवण भरलेली असते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी नसली की फोन रखडतो, आणि जागा खाणारे असतात ते व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ. ‘चार्जिंग टिकत नाही’ म्हणजे बॅटरी. लिथियमची बॅटरी पाचशे-आठशे पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते. रोज एक आवर्तन धरलं तर दीड-दोन वर्षांत. ती अधिकृत सेवा केंद्रात बदलून मिळते आणि नव्या फोनच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ असतो. रस्त्यावरच्या दुकानात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारी बॅटरी घेऊ नका. तिच्यातलं संरक्षक सर्किट भरवशाचं नसतं आणि उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन तापतो. फोनचं मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंग तिथेच थांबवा, दाबू नका, टोचू नका. फोन बदलायचं खरं कारण एकच : कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झाले असतील आणि त्याच फोनवर तुमचं यूपीआय चालत असेल.

वापरलेला घ्यायचा ठरला तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, काढा. ‘केवायएम’, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीतला किंवा दुबार क्रमांक असं उत्तर आलं तर दुकानातून तसेच बाहेर पडा. खोका आणि मूळ बिल नसेल तर किंमत कितीही कमी असो, नकोच.

जुना फोन देताना आधी यूपीआय आणि व्हॉट्सअॅप नव्या फोनवर हलवा, मग गूगल किंवा अॅपलचं खातं काढा आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटला तर फोन पुढच्या माणसाकडे जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडून बसतो. इथे तुमची सोसायटी खरंच काही करू शकते. ८४ घरांत मेलेले फोन, वायरी, पॉवर बँक मिळून एक पोतं सहज निघेल. ते सुक्या कचऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नका, कारण कचऱ्याच्या गाडीत दाबताना लिथियमची बॅटरी पेट घेते आणि भाजतो तो कचरा वेचणारा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि वस्तू परत घेऊन पुनर्चक्रित करण्याची जबाबदारी त्यात उत्पादकांवर आहे. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करायचे कार्यक्रम घेते. दिवाळीच्या साफसफाईच्या आधी त्यांच्याशी बोलून एक रविवार ठरवा. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात ठेवा.

दुचाकीबद्दल थोडक्यात, पण सभेत हे सांगाच. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. तीन सेकंद खाली बघितलं की तेहतीस मीटर, म्हणजे दोन-तीन पीएमपी बसइतकं अंतर, न बघता कापलं. चालवताना हातात फोन धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं. नकाशासाठी फोन स्टँडवर असावा, रस्ता निघण्याआधी लावावा, आवाज एका कानात. मुलाला सतराव्या वर्षी गिअरची गाडी देत असाल तर कलम १९९-अ वाचा : अल्पवयीनाच्या गुन्ह्यात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राहिलं व्याख्यान. ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा निबंध या मुलांनी पाचवीपासून दरवर्षी लिहिलाय, त्यातलं काही नवं त्यांना सांगता येणार नाही. त्याऐवजी रविवारी सकाळी दहा ते बारा क्लबहाउसमध्ये दोन टेबलं मांडा. एका टेबलावर सतरा-अठराची मुलं आणि समोर ज्येष्ठ. ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या नावाने आयुष्याची पुंजी घालवणाऱ्यांत साठीपुढची माणसं बरीच असतात, आणि फोनचं वेड फक्त तरुणांना आहे हा समज त्या टेबलावर आपोआप उतरेल. नियम टेबलावर लिहून ठेवा : पिन आणि ओटीपी मुलाने विचारायचा नाही, ज्येष्ठांनी सांगायचा नाही, फोन ज्याचा त्याच्याच हातात. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शिकवा : पैसे घेताना पिन लागत नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, फसलो तर पहिल्या तासातच १९३०. दुसऱ्या टेबलावर दुरुस्ती. पंचवीस वॉटची सोल्डरिंग इस्त्री, साठ-चाळीसची सोल्डर तार, मल्टिमीटर, बारीक पेचकसांचा संच, आणि एक मोठा माणूस सतत हजर. सुरुवात तुटलेल्या हेडफोनच्या वायरीपासून करा, बॅटरी आणि वीजमंडळाच्या वायरीला हात नाही. धूर बाहेर जाईल अशा खिडकीशी बसवा आणि नंतर हात साबणाने धुवायला लावा, तारेत शिसं असतं. यंत्राचं वेड असलेल्या मुलाला यंत्र उघडायला मिळालं की तो पायरीवर कमी दिसतो. सगळेच येणार नाहीत. आठ-दहा आले तरी बघा.

हेडफोनवरून आठवलं. ऐंशी डेसिबलला आठवड्याला चाळीस तास, ही प्रौढांच्या कानांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिली आहे, लहान मुलांना पंचाहत्तर. ते मुलांना जरूर सांगा, आणि गणपतीत मंडळाच्या स्पीकरसमोर उभे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही.

सभेचं : विषय नोटिशीत घाला. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी जावी लागते आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदरात खर्चाचा निर्णय नको, कुणीतरी उपनिबंधकांकडे जाईल. मजकूर असा ठेवता येईल : ‘दर बुधवारी व रविवारी रात्री ८.४५ ते ९.३० या वेळेत सभासदांनी स्वेच्छेने मोबाईल व टीव्ही बंद ठेवावेत, सहा आठवड्यांनी आढावा घ्यावा; क्लबहाउसचे वाय-फाय रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे; बॅडमिंटनचे नेट, दोन दिवे व दुरुस्तीची अवजारे यांसाठी खर्चास मंजुरी द्यावी; दिवाळीपूर्वी एका रविवारी ई-कचरा संकलन करावे.’ सूचक म्हणून तुमचं नाव असेलच. अनुमोदक म्हणून पायरीवर बसणाऱ्यांपैकी एखाद्याच्या आई किंवा वडिलांना विचारा, आणि ‘येथे खेळू नये’ची पाटी सभेच्या आदल्या दिवशी उतरवून ठेवा.